तुझं तूच ठरव, शैला

मी घर सोडून बंगळूरला निघालो त्या सकाळी आप्पा पानमळ्यात होते. दारात रिक्षा उभी, पालघरला गाडी गाठायची, आणि वडिलांचा पत्ता नाही. पानमळ्यात पायताण घालून जायचं नाही हा आमच्या पालघरकडच्या माहीमचा नेम. माझ्या पायात नवे कोरे बूट, म्हणून मी कुंपणाबाहेरूनच हाक मारली. आप्पांनी हातातला वेल वाखाच्या दोरीने नीट बांधून पुरा केला, मगच बाहेर आले. मातीचा हात माझ्या डोक्यावर ठेवून म्हणाले, "आपला येल आपनच बांधावा. दुसऱ्याच्या गाठीचा भरवसा नाय." आई आमची लवकर गेलेली, त्यामुळे निरोपाला रडायला घरात एकटी धाकटी शैला. ती काही रडली नाही. "फोन करत जा, दादा, नायतर आप्पा मलाच बोलतील," एवढंच म्हणाली.

त्याआधी मी बोईसरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात होतो. एसी फक्त आमच्याच खोलीला, त्यामुळे युनियनवाल्यांपासून साहेबांपर्यंत सगळे उन्हाळ्यात आमची चौकशी करायला येत. बंगळूरला मात्र मी खरा प्रोग्रॅमर झालो. कोड चालेना की जेवण विसरायचो. आप्पांचा मुलगाच तो. स्वतः बांधलेल्या गाठीशिवाय चैन पडत नसे.

मग नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कंपनीने आम्हा काही प्रोग्रॅमरांना साहेब करायचं ठरवलं आणि म्हैसूर रोडवरच्या एका हॉटेलात लीडरशिपच्या कोर्सला पाठवलं. आमचे ट्रेनर रिटायर झालेले, गोड बोलणारे गृहस्थ होते. त्यांचा पहिला धडा असा, की उत्तर माहीत असलं तरी द्यायचं नाही. समोरच्याला प्रश्न विचारत राहायचं. शेवटी उत्तर तोच देतो, मग ते काम त्याचं होतं, आपलं राहत नाही. माझे हात कीबोर्डकडे धावायचे, म्हणून त्यांनी मला चक्क हातांवर बसवलं. सगळे हसले, मीही हसलो. पण विद्या लागू पडली. "तुला काय वाटतं? आणखी काय करता येईल?" एवढ्या भांडवलावर मी मॅनेजर झालो, आणि चांगला झालो.

शैला तोवर बीएस्सी होऊन तारापूरला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये लागली होती. हुशार पोरगी. कंपनीने तिला बडोद्याच्या नव्या लॅबची प्रमुख म्हणून बोलावलं, आणि नेमके त्याच महिन्यात आप्पा मळ्यात घसरून पडले, खुबा मोडला. तिचा फोन आला.

"दादा, बडोद्याचं काय करू?"

मी विचारलं, "तुला काय वाटतं?"

"जावंसं वाटतं. पन आप्पांचं कोन बघनार?"

"काय काय करता येईल, तूच सांग."

ती मग म्हणाली, "मी नाय जात."

"तुझा निर्णय आहे. मी तुझ्या पाठीशी आहे," मी म्हणालो आणि फोन ठेवला. कोर्समध्ये याला पैकीच्या पैकी मिळाले असते. तिला माझ्याकडून हवं होतं ते एकच वाक्य, 'तू जा, मी बघतो.' ते मला फोन उचलतानाच ठाऊक होतं. पण ते म्हटलं असतं तर बघावंही लागलं असतं. ऑर्डर न देता काम करून घेतलं आणि मी नामानिराळा राहिलो. माझ्यासारखे गाव सोडून गेलेले जे हे वाचतील, त्यांना यातली सफाई लगेच कळेल. मागे राहिलेल्यांना तर ती केव्हाच कळलेली असते.

आप्पा पुढे काठी घेऊन चालू लागले. बडोद्याची जागा भरली गेली. मी दर रविवारी फोन करत राहिलो, आणि माझ्या हळूहळू ध्यानात आलं की शैला आता मला काही विचारत नाही. हवापाणी, आप्पांची भूक, झालं.

परवा दिवाळीला गेलो तर पानमळा नव्हता. वेल उपटून सगळ्या जागेत मोगरा लावलेला. ऊन थेट जमिनीवर पडत होतं. आप्पा ओटीवर बसून कळ्या निवडत होते, चेहऱ्यावर तक्रार नाही. मला मात्र धक्का बसला, रागही आला, आणि मी शैलाला म्हणालो, "मला एका शब्दाने तरी विचारायचंस."

तिने माझ्यापुढे चहा ठेवला. पाहुण्याला देतात तशी बशी खाली होती.

"तुला इचारलं असतं तर तू परत मलाच इचारलं असतंस, दादा," ती म्हणाली. रागावलेली नव्हती. साखर पुरे का, असं विचारून आत गेली.

मी चहा प्यायलो. बंगळूरला माझ्या होकारावाचून काम अडतं. माहीमच्या घरात माझ्यावाचून काहीच अडत नाही, आणि ही व्यवस्था मीच लावून दिली आहे.