दादा दगडावर बसले होते

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि गेले तीही चित्रकला शिकायला. हे सांगताना मला कधी लाज वाटली नाही. आमचे पूर्वज घोड्यांचं सामान शिवायला महाराष्ट्रातून देवासच्या दरबारी आले, आणि दादा, म्हणजे माझे वडील, देवासलाच कारखान्यात मशीनवर. पोरगी धारला पेंटिंग शिकतेय म्हटलं की कारखान्यातले लोक माळवी थाटात विचारायचे, घरं रंगवणार का भिया? दादा म्हणायचे, पहिलं तुझंच रंगवेल.

शेवटच्या वर्षी सरांनी नदीचं काम दिलं. इम्प्रेशनिस्ट चित्रकारांसारखं उघड्यावर बसून, एकच जागा दोनदा रंगवायची. सकाळच्या उजेडात एकदा आणि दुपारच्या उजेडात एकदा. जलरंगात. काळा रंग वापरायचा नाही. पांढराही नाही, पांढरं हवं तिथं कागद कोरा सोडायचा. आणि माहीत आहे ते काढू नका, दिसतं ते काढा, हे सरांचं वाक्य तर आम्हाला पाठच होतं.

एकटी जाऊ नको म्हणून आईनं दादांना देवासहून पाठवलं. रविवारी आम्ही बसनं खलघाटला नर्मदेवर गेलो. थंडीचे दिवस. पाणी उतरलेलं, हिरवट, आणि मधे दगडच दगड. दादा घोटाभर पाण्यातून चालत एका सपाट दगडावर जाऊन बसले आणि शेंगा सोलू लागले. पांढरा शर्ट, मागे निळसर सावली. मला आणखी काय हवं होतं? मी काठावरून ओरडून सांगितलं, तिथंच बसा, मी सांगेपर्यंत हलू नका.

सकाळचं चित्र चांगलं झालं. पोळीभाजी खाऊन दादा पुन्हा त्याच दगडावर गेले, मी दुसरा कागद घेतला, आणि घोळ सुरू झाला.

सकाळच्या चित्रात दादांच्या आणि माझ्या मधे सात दगड होते. आता पाच दिसत होते. मला वाटलं, सकाळी मीच दोन जास्तीचे काढले. पाण्याचा हिरवा रंग मळकट होत चालला होता. मी खूश झाले, त्यात तपकिरी मिसळला; ऊन कललं की असंच होत असेल. मग दगड चार झाले. मी ओल्या ब्रशनं कागदावरचा पाचवा दगड पुसून काढला. खरंच पुसला. दिसत नव्हता ना.

मग बराच वेळ मी मान वर केलीच नाही. शर्टाची कोरी जागा सांभाळत भोवतीचा रंग भरत होते. वर पाहिलं तर दादांनी पाय वर घेऊन मांडी घातलेली. बसायची पद्धत का बदलली म्हणून रागावायला तोंड उघडलं, आणि तेव्हा कळलं की आमच्या मधे आता एकही दगड नाही.

वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं. पाणी अचानक वाढतं असं सांगणारा बोर्ड काठावर होता, हिंदीत, लाल अक्षरांत. घरातली शिकलेली मी, आणि त्याच बोर्डाला मी माझी पिशवी अडकवली होती.

दादांना पोहता येत नाही. मलाही नाही. पाण्याचा काही आवाज नव्हता, ते मुकाट्यानं चढत होतं. मी अनवाणी काठानं पळत सुटले. पुढे एक नावाडी नाव बांधून बसला होता. मी नुसतं बोट दाखवलं. त्यानं एकदा पाहिलं आणि काही न विचारता दोर सोडला. त्याच्या त्या न विचारण्यानं मी आणखीच घाबरले आणि काठानं परत दादांच्या समोर पळत आले.

नाव पोचेपर्यंत दगड बुडाला होता. दादा उभे होते, गुडघ्यापर्यंत पाण्यात, चपला हातात. नावाडी म्हणाला, "बाबूजी, कूदना मत. हाथ दो." दादांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी या, या म्हणून वेड्यासारखे दोन्ही हात हलवले. मग त्यांनी हात दिला.

काठावर आल्यावर नावाड्यानं त्यांना चांगलंच झापलं. पाणी चढताना दिसलं नाही का, आंधळे आहात का? दादा चपला पायात चढवत म्हणाले की दिसलं ना. आधी दगडाच्या काठाखाली चार बोटं होतं, मग दोन बोटं, मग वर आलं.

"मग उठला का नाहीत, दादा?"

"तू हलू नका म्हणालीस ना," ते म्हणाले. "मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

आता मी देवासला शाळेत चित्रकला शिकवते. डॉक्टरची चिठ्ठी असो, बँकेचा फॉर्म असो, दादा माझ्यापुढे ठेवतात आणि मी सांगेन तसं करतात, उलटून एक प्रश्न विचारत नाहीत. मी प्रत्येक कागद तीन-तीन वेळा वाचते. गोळी सकाळी घ्यायची की रात्री, एवढंच सांगायचं असतं. ते समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत असतात, आणि मी चिठ्ठी चौथ्यांदा वाचायला घेते.