चपला काढून वजन

आत्याचा राग लोणच्यासारखा मुरत जायचा. इतर बायका नळावर भांडायच्या, दोन दिवस तोंड फिरवायच्या नि तिसऱ्या दिवशी हसायच्या. आत्या वर्षानुवर्षं थांबायची. तिचा सगळ्यात जुना राग चिंचवड गावातल्या आमच्या डॉक्टरांवर होता, आणि तो माझ्यापायी होता.

मी चार महिन्यांची असताना माझ्या मांडीत गाठ आली. तान्ह्या मुलांत क्वचितच होणारा कॅन्सर. मुंबईत ती कापली आणि पुढे इंजेक्शनं सांगितली. आमचे डॉक्टर आत्याला म्हणाले, एवढ्याशा जिवाला ते विष झेपायचं नाही. घरी ठेवा, तुमच्या भावाला दुसरं मूल होईल. आत्या पिंपरीला औषधाच्या कंपनीत बाटल्या भरायची. "इखच हाय," ती म्हणाली, "पर मापात हाय." आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून शिफ्ट बदलून दर आठवड्याला आत्याच मला मुंबईला न्यायची.

तिथे इंजेक्शनचं माप वजनावर ठरायचं, आणि वजन फार उतरलं की पुढे ढकलायचे. एकदा मी अगदीच सुकले, तेव्हा आत्याने माझ्या पायांत चांदीचे जड वाळे नि कमरेला साखळी चढवून मला काट्यावर ठेवलं. नर्सने दुपट्याखाली हात घालून सगळं काढायला लावलं. खोट्या वजनाने औषध जास्त गेलं असतं तर पोर हातची गेली असती, हे ऐकल्यापासून आत्या माझ्या अंगावरचा दोरासुद्धा काढून मगच मला काट्यावर ठेवायची.

मी जगले, आणि आत्याचा सूड सुरू झाला. दर वाढदिवसाला ती मला डॉक्टरांकडे न्यायची. भरल्या दवाखान्यात चपला, बांगड्या, रिबिनीसुद्धा काढायला लावायची आणि म्हणायची, "तुमी घरी ठेवा म्हनला व्हता, त्या पोरीचं वजन करा." डॉक्टर खाली मान घालून आकडा सांगायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता बास कर, असं मी एकदा म्हटलं.

"त्यो इसरला, तर दुसऱ्या कुनाला त्येच सांगंल," आत्या म्हणाली.

माझ्या सोळाव्या वाढदिवसाच्या आधी महिनाभर आत्या गेली. वाढदिवसाला मी एकटीच दवाखान्यात गेले. बाकावर एक बाई तान्हं मूल घेऊन बसली होती. डॉक्टरांनी मला जवळ बोलावलं आणि ते हळूच म्हणाले, तेव्हा माझं चुकलं होतं. आता याची गरज नाही.

मी चपला काढल्या, बांगड्या काढल्या आणि काट्यावर चढले.

"आकडा मोठ्याने सांगा," मी म्हटलं. "आणि चुकलं होतं, तेही."