परुळेकर बाईंनी सोडून दिलेला प्रश्न

परुळेकर बाई पंच्याहत्तर वर्षांच्या होताहेत आणि या गौरवग्रंथात मी लिहावं, असा संपादकांचा आग्रह. लिहिते. शरीररचनाशास्त्राच्या वर्गात पहिल्याच दिवशी मी त्यांची बोलणी खाल्ली, तिथूनच सुरुवात करायला हवी.

आमच्यासमोर ट्रेमध्ये माणसाचा मेंदू ठेवला होता. मी घाटकोपरची, आगाऊ. सरळ एका हातानं उचलला. बाई कडाडल्या, "दोन्ही हातांनी धर गं! पेरू आहे का तो? कुणाचं तरी अख्खं घरदार होतं त्यात." हा त्यांच्या वर्गाचा नियमच होता. मेंदू उचलायचा दोन्ही हातांनी, ठेवायचाही दोन्ही हातांनी. पुढे मी त्यांच्याच विभागात शिकवू लागले आणि आता माझे विद्यार्थीही तसाच उचलतात.

भावना आणि आठवणी सांभाळणारे मेंदूतले भाग हा बाईंचा खास विषय. नव्या आठवणी जपणारा हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारचा, धोका ओळखून घाबरवणारा बदामाएवढा अमिग्डला, हे त्या इतकं सोपं करून सांगायच्या की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा झोपेतून उठायची. "माणूस नाव विसरेल, पण भीती इतक्या लवकर विसरत नाही," हे तर त्या दर वर्षी बजावायच्या.

तोंडी परीक्षेला त्यांचा भलताच दरारा. त्यांच्यासमोर माझी दातखीळच बसली होती. बाईंनी मला बाहेर पाठवलं. "घाबरलीयस तू. कॅन्टीनमध्ये जा, चहा पी आणि मग ये." परत आले आणि धडाधड उत्तरं दिली. एवढ्या कडक बाई, पण केवळ घाबरला म्हणून त्यांनी कधी कुणाला नापास केलं नाही.

निवृत्तीनंतर बाई आणि त्यांचे यजमान वसंतराव नाहूरला राहतात. वसंतराव बँकेत होते, मोठे गप्पिष्ट गृहस्थ. त्यांना विस्मरणाचा आजार जडला. आणि बाईंनी काय करावं? रोज सकाळी त्यांची तोंडी परीक्षा सुरू केली! "मी कोण? सांगा बघू." उत्तर आलं नाही की पुन्हा तोच प्रश्न. विचारत राहिलं तर निदान आपलं नाव तरी टिकेल, अशी वेडी आशा. "ह्यांच्या डोक्यातून मी गेले, तर मग मला ओळखणारं राहिलं कोण गं?" असं एकदा म्हणाल्या.

मग एका सकाळी बाई खोलीत शिरल्या आणि वसंतरावांनी चादर तोंडावर ओढून घेतली. बाईंनीच मला हे सांगितलं. "मी कोण ते ह्यांना ठाऊक नव्हतं. पण ही बाई आली की काहीतरी विचारणार आणि आपल्याला ते येणार नाही, एवढं पक्कं ठाऊक होतं. जन्मभर हेच शिकवलं मी, आणि घरात काय करून बसले बघ."

त्या दिवसापासून प्रश्न बंद. आता बाई दारातूनच सांगतात, "मी सुमती. चहा आणलाय." वसंतराव आता चादर ओढत नाहीत. सरकून जागा करतात आणि पाहुणीला म्हणावं तसं "बसा ना" म्हणतात. एकेकाळी साऱ्या घरभर 'सुमे, सुमे' करणारा हा माणूस! बाई बसतात, त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरतात. घरात दोघं आहेत आणि तरी बाई एकट्या आहेत. कौतुकाच्या लेखात असं लिहू नये म्हणतात, पण मला त्याचं फार वाईट वाटतं, म्हणून लिहिलं.

पंच्याहत्तरीच्या सत्काराला बाई येणार नाहीत. आमंत्रण घेऊन मी गेल्या रविवारी नाहूरला गेले होते. "ह्यांना सोडून कुठे येऊ गं?" म्हणाल्या. बाईंपुढे कुणाचं काही चाललंय का कधी! रिकामे कप उचलून त्या उठल्या, तेवढ्यात वसंतरावांनी त्यांचा पदर धरला.

"तुम्ही उद्या याल ना?"

"येईन हो," बाई म्हणाल्या. "नक्की येईन."

बाईंची प्रकृती ठणठणीत राहो, गुडघ्यांनी त्यांना फार छळू नये. उद्या येण्याचा हा शब्द त्या रोज देतात. तो पाळायला त्यांना पुष्कळ, पुष्कळ वर्षं मिळोत.