आंब्याच्या मडक्यांवरचा पहारा

चैत्र वद्य द्वितीया, सकाळ. जागा: जव्हारहून जामसरला जाणाऱ्या वाटेवरची कलमांची बाग. हजर: बागेचे मालक रावसाहेब, माळी लखमा, पहाऱ्यावरचा गणू शिपाई आणि बागेचा ओव्हरसिअर म्हणून मी. विषय: पाण्याची चोरी.

आंब्याची नवी कलमे उन्हाळ्यात तगावीत म्हणून आम्ही प्रत्येकाजवळ एक मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरतो. मडके हळूहळू पाझरते, मुळे लागेल तसे पाणी ओढतात. एकदा भरले की चार दिवस बघावे लागत नाही. यंदा दुसऱ्याच दिवशी तळ दिसू लागला, आणि कलमे मात्र मलूल.

म्हणून आदल्या दिवशी एक मडके माझ्यासमोर भरून घेतले आणि गणूला ड्यूटी लावली. त्या सकाळी झाकण काढले, तर मडके कोरडे.

"गणू, कोण आले होते?" रावसाहेबांनी विचारले.

"कुणी नाही, सरकार. मी या भोपळ्यावरून हललोसुद्धा नाही."

कलमांमधली जमीन फुकट जाऊ नये म्हणून रावसाहेबांनीच हौसेने भोपळे लावले होते. एकेक भोपळा बसायच्या पाटाएवढा झाला होता.

रावसाहेब माळ्याकडे वळले. "लखमा, तू फुटकी मडकी पुरलीस. काढ ते वर. चीर दिसली तर उद्यापासून येऊ नकोस."

"चांगली वाजवून पुरलीत, सायेब."

लखमाने मडके ओढले. येईना. त्याने पाय रोवून हिसका दिला, तसा वेल ताणला गेला, भोपळा गडगडला आणि गणू उताणा.

"सरकार, भोपळा पळतोय!"

मडके वर आले ते मुळांची टोपी घालूनच. चीर कुठेच नव्हती. भोपळ्याची केसासारखी मुळे वरच्या मातीतून पसरत आधी पोहोचली होती. आंब्याची मुळे बिचारी रांगेत मागे.

"उपटा सगळे वेल!" रावसाहेब गरजले.

मी मातीत बोट घातले. उघडी जमीन तव्यासारखी, पानांखालची गार आणि ओलसर.

"वेल पाणी पितो, पण सावलीही धरतो," मी म्हणालो. "त्याला कलमापासून लांब लावू आणि वेगळे मडके देऊ."

"म्हणजे चोराला नोकरी?"

"हो. आणि लखमाची जुनी चालू."

"मग याचं मडकं गणूदादा भरंल," लखमा म्हणाला. "बसून बसून ओळख झालीय."

तसे केले. पाणी पुरू लागले, कलमांना तांबूस पालवी आली. धडा एवढाच: पहारा लावताना पहारेकरी कशावर बसतो तेही पाहावे.

एक काम बाकी आहे. हलवलेल्या वेलांना यंदा भोपळे कमी धरणार. बाईसाहेबांनी मात्र सगळ्या नातलगांना घारग्यांसाठी एकेक कबूल करून ठेवला आहे. बाईसाहेबांना हे सांगायचे काम रावसाहेबांनी माझ्याकडे दिले. रोज उद्यावर टाकतो आहे.