शूच्या पुढचा एस

हे मी बायकोलाही कधी कळू दिलं नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

छप्पन साली हुबळी म्हैसूर राज्यात गेली आणि दाजीबानपेठेत दुकानांचे बोर्ड बदलायची घाई उठली. आम्ही दोघं पेंटर — मी आणि माझा मावसभाऊ वसंता. मी तिसरी नापास. पण माझ्यासारखं वळण गावात कुणाच्या हाताला होतं? वसंता मॅट्रिक. तो खडूनं इंग्रजी मजकूर आखायचा, मी रंग भरायचो. कोपऱ्यात पेंटर म्हणून नाव माझं.

एकदा मी विचारलं, "बुटांच्या दुकानाला ‘शू शॉप’ का रे? आत एकच बूट असतोय काय?"

वसंता हसला. "अण्णा, आत शंभर असू देत. शॉपच्या आधी शूला एस लावत नाहीत. स्पोर्ट्सचा तेवढा ठेवतात."

दुकानदारही हसले — मला. तेव्हापासून जो तो मजकूर विचारायला त्याच्याकडं. मी काय नुसता ब्रश होतो? घरी बायको म्हणाली, भावजी किती शिकलेत! ते अजून घशात आहे.

मग धारवाडच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तरची जागा निघाली. वसंताचा जीव तिच्यात अडकलेला. हेडमास्तर त्याचं काम बघायला पेठेत येणार होते. आदल्या दिवशी बुटांच्या एका दुकानाचा बोर्ड आखून देऊन तो घरी गेला. मी रंग भरला. आणि — शूच्या पुढं जागा करून एक एस घातला. सावलीसकट, झोकदार. कोपऱ्यात, पहिल्यांदाच, त्याचं नाव लिहिलं.

सकाळी बोर्ड वर चढला. वसंताला आधी आपलं नाव दिसलं. डोळे भरले त्याचे. मग एस दिसला. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"इदन्न यार् बरदार री?" हे कुणी लिहिलं, असं हेडमास्तरांनी कानडीत विचारलं.

"मीच लिहिलं, सर. चुकलं," वसंता म्हणाला.

जागा दुसऱ्याला गेली. त्या दिवशी पेठेतून परतताना वसंता उलट मलाच म्हणाला, "अण्णा, मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला कसं ठाऊक असणार?"

ठाऊक होतं. पक्कं ठाऊक होतं. एरवी कुणी अडाणी म्हटलं की मी अंगावर जायचो — त्या दिवशी मान खाली घालून अडाणी झालो.

वसंतानं पुढं गोकुळ रोडच्या कारखान्यात पत्र्यांना रंग मारत जन्म काढला. आता तो नाही. दर पाडव्याला माझ्या पाया पडायला यायचा.

मी पडू द्यायचो.