गोलकीपरचा फोन

माझी बस एरवी कारखान्याच्या शिफ्टला चालते. खुटबावपासून एकेक गाव घेत जायचं आणि कारेगावच्या पुढं कंपनीच्या गेटवर माणसं उतरवायची. पुण्यात चार देशांची छोटी फुटबॉल स्पर्धा भरली, भारतानं बोलावलेल्या पाहुण्यांची, तेव्हा एजन्सीला बस कमी पडल्या आणि माझी लागली. माझ्या वाट्याला एका बेटावरच्या देशाची टीम आली. त्या देशाचं नावही मी आधी ऐकलं नव्हतं.

त्यांचा गोलकीपर पहिल्याच दिवशी केबिनमध्ये माझ्या शेजारी येऊन बसला. उंच, हाडापेरानं दणकट, हसला की डोळे मिटायचे. मला 'ब्रदर' म्हणायचा. इंग्रजी त्याचंही मोडकं आणि माझंही, म्हणून आमचं जमलं.

सुट्टीच्या दिवशी टीमचा समन्वयक, पुण्यातलाच एक तरुण, म्हणाला की यांना एखादं खेडं दाखवू या. मी बस राहू गावात नेली, ओळखीच्या गुऱ्हाळावर. पोरांनी गरम गुळात बोटं घालून ती भाजून घेतली. गोलकीपरनं आईला व्हिडिओ कॉल लावला, उकळता रस दाखवला आणि मग फोन माझ्या तोंडासमोर धरला. फुलाफुलांच्या झग्यातली बाई, मागं निळी भिंत. तिनं हात हलवून काहीतरी विचारलं.

"मम्मा आस्किंग, यू ईट?" तो म्हणाला.

मी पोटावरून हात फिरवला. ती हसली, तर तिचेही डोळे मिटले.

पुढची मॅच भारताशीच होती. त्या दिवशी सकाळी मी बसची काच पुसत होतो. समन्वयक जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "दादा, उद्या सकाळी छोटी गाडी आणा. एअरपोर्टला जायचंय. गोलकीपरची आई गेली."

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "त्याला सांगितलं?"

"मॅच झाल्यावर सांगणार. कोच म्हणतात, विमान उद्याचंच आहे, आत्ता सांगून तो करणार काय? दुसरा कीपर तापानं पडलाय. सगळ्यांचे फोनपण जमा केलेत, शिस्तीच्या नावाखाली. तुम्ही फक्त काही बोलू नका."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो? मी भाड्यानं आलेला ड्रायव्हर.

निघताना गोलकीपर नेहमीसारखा शेजारी येऊन बसला. हातमोजे मांडीवर. स्टेडियम जवळ आलं तसा माझ्याकडं वाकला. "ब्रदर, युअर फोन. टू मिनिट. बिफोर मॅच, ऑलवेज मम्मा."

फोन माझ्या शर्टाच्या खिशात होता. मागून कोच बघतोय हे मला आरशात दिसत होतं.

"बॅटरी," मी म्हणालो, "डेड."

तो हसला, माझ्या खांद्यावर थाप मारली आणि समोर रस्त्याकडं बघत बसला.

त्या दिवशी तो असा खेळला की आमची माणसंसुद्धा त्याच्यासाठी ओरडत होती. मॅच बरोबरीत सुटली. सगळ्यांनी त्याला उचलून घेतलं. मी गेटपाशी उभा होतो. मला टाळी वाजवता आली नाही.

कोचनं त्याला बसमागं नेलं. काय बोलला ते ऐकू आलं नाही. मग तो बसमध्ये चढला, आज मधल्या सीटवर बसला. कुणी रडलं नाही, कुणी बोललं नाही. आम्ही निम्म्या वाटेवर आलो आणि माझा फोन वाजला. त्या शांततेत तो केवढ्यानं वाजला! माझ्या वडिलांचा, आबांचा होता, घरी टीव्ही बघून विचारायला. मी कट केला. आरशात बघितलं. तो माझ्याकडं बघत होता.

सकाळी छोट्या गाडीत आम्ही तिघंच. समन्वयक पुढं, तो मागं. मागून आवाज आला, "यू नो? बिफोर मॅच?"

"यस," मी म्हणालो. पुढं काय बोलायचं त्याचं इंग्रजी मला येत नव्हतं. मराठीतही आलं नसतं.

एअरपोर्टवर मी त्याची बॅग काढली. त्यानं ती माझ्या हातातून घेतली आणि म्हणाला, "थँक यू, ड्रायव्हर."

घरी आबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "परक्या मुलखातलं पोरगं, तवा कळलं आसतं तरी विमान थोडंच आलं आसतं? ज्यांचं त्यांनी ठरवलं. तुझ्याकडं काय दोष न्हाई."

बायको भाकरी थापत होती. तिनं हात थांबवले नाहीत. "विमान न्हाई आलं आसतं," ती म्हणाली, "पन त्यो खेळला न्हाई आसता. आई घरात पडलीय आन् पोरगं उड्या मारतंय. त्याला हे आता जन्मभर आठवनार न्हाई व्हय?"

 

मला दोघांचंही म्हणणं बरोबर वाटायचं, आणि कारेगावच्या रस्त्यावर बस चालवताना तर फारच. शिफ्टची पोरं विचारायची, पाहुण्यांबरोबरचे फोटो दाखवा की. मी म्हणायचो, काढलेच नाहीत.

दिवाळीच्या आधी बायको माहेरी, शिरूरला निघाली. तिची आई अलीकडं थकली होती. मी स्टँडवर सोडायला गेलो. पिशवी हातात घेऊन एसटीच्या पायरीवर ती थांबली.

"माझ्या आईला काय झालं आन् तुमाला आधी कळलं, तर मला तवाच सांगायचं. मी कुठंबी आसंन. स्वैपाकात आसंन, लग्नात आसंन."

"व्हय," मी म्हणालो.

"व्हय नको. शब्द द्या."

मागं माणसं खोळंबली होती. कंडक्टर ओरडत होता. मी शब्द दिला.