दोन मापांची पाती

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली गोष्ट. आमच्या लॉरीच्या समोरच्या काचेच्या मधोमध लोखंडी दांडी होती, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक वायपर आणि त्या श्रावणात दोन्हींची रबरं कामातून गेली होती. उन्हाळाभर तापून ती वाळल्या चामड्यासारखी कडक झालेली. काच पुसण्याऐवजी चिखल सारवायची. लॉरी माझी आणि थोरल्या भावाची, सामाईक. जालन्यात गूळ-मीठ भरायचं आणि अंबडवरून कुंभार पिंपळगावच्या बाजाराला टाकायचं, हा आमचा धंदा.

दोन वर्षं आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. बाबा आजारी असताना मी भावाला दोनदा निरोप धाडला, पण तो लॉरी घेऊन हैदराबादेकडेच राहिला. हा माझा राग. बाबा गेल्यावर त्याची वाट न बघता मी अग्नी दिला. थोरल्याचा मान धाकट्यानं घेतला, हा त्याचा राग. तो त्याच दिवशी सूर्य बुडायच्या आत आला होता. मला थांबता आलं असतं. मी मुद्दाम थांबलो नव्हतो.

वायपरची नवी पाती आणायला मात्र दोघंही गेलो, कारण एकानं आणलेलं दुसऱ्याला पटलं नसतं. मोटारीच्या सामानाचं दुकान एका म्हाताऱ्या चाचांचं होतं. रबराची सगळीकडे टंचाई. त्यांच्याकडे दोनच जोड्या निघाल्या. एक आखूड, काळी, साधी. दुसरी तिच्याहून चांगली चार बोटं लांब, पाठीला चकचकीत पत्रा.

मी जुनं पातं सोबत नेलं होतं. आखूड त्याला लावून बघितलं, बराबर माप. रबरात नख रुतवलं, खूण लगेच भरून आली. चाचांच्या कपाटाच्या काचेवर पाणी शिंपडून पातं ओढलं, तर आवाज न करता सरळ पुसत गेलं.

भावानं लांब पातं उचललं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "चाचा, ह्याला सांगा, लांब पात्यानं काच जास्त पुसती."

"चाचा, त्याला सांगा, लांब पातं मधल्या दांडीला धडकंल."

"ह्याला म्हणावं, लॉरी चालवायला कोणी शिकवली तुला?"

"त्याला म्हणावं, चालवणं येगळं आन समजणं येगळं."

चाचांनी गल्ल्यावर हात आपटला. "मैं क्या तारघर हूँ? दोनों के मुँह में जबान नै क्या?"

शेवटी त्यानं एक लांब घेतलं, मी एक आखूड. जोड्या मोडताना चाचा पुटपुटत होते, ऐसा कोई करता नै म्हणून. बाहेर येऊन ज्यानं त्यानं आपलं पातं आपल्या बाजूला बसवलं. स्टेअरिंगवर त्या दिवशी भाऊ होता, म्हणजे लांब पातं त्याच्यासमोर आणि आखूड माझ्यासमोर.

अंबड मागं पडलं आणि पावसानं झोडपायला सुरुवात केली. लांब पातं दर फेरीला मधल्या दांडीवर आपटत होतं. कोसभर गेलो नसू, तोच त्याची कडी निसटली आणि ते उडून चिखलात गेलं. वायपरचा नुसता लोखंडी दांडा काचेवर खरवडत राहिला. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

भावानं लॉरी थांबवायला पाहिजे होती. पण थांबला असता तर माझं खरं ठरलं असतं. तो बाजूनं डोकं बाहेर काढायचा, पावसाचा मारा लागला की आत घ्यायचा. माझ्या बाजूची काच लख्ख होती. जरा माझ्याकडे वाकला असता तरी त्याला रस्ता दिसला असता. तो वाकला नाही.

मला पुढची बैलगाडी दिसली. कडब्यानं भरलेली, रस्त्याच्या मधोमध. गाडीवानाचं डोकं उघडं असतं तर आमचा आवाज त्याला ऐकू गेला असता, पण त्यानं पोत्याची खोळ डोक्यावरून घेतलेली. 'गाडी' एवढा एक शब्द पुरला असता. पण आधी मी बोलणार नाही, अशी मनाशी गाठ मारलेली होती. दिसंल त्याला आता, असं स्वतःशी म्हटलं. तेवढाच वेळ गेला. मग मी ओरडलो. भावानं ब्रेक दाबला, चाकं चिखलात घसरली आणि लॉरी गाडीचं चाक मोडून उजव्या बैलावर गेली.

बैलाचा पुढचा पाय मोडला होता. गाडीवान म्हातारा शेतकरी. त्यानं भावाची गचांडी धरली.

"डोळे फुटले का रे तुझे?"

"दिसलं न्हाई, काका. आईशपथ, दिसलं न्हाई."

म्हातारा माझ्याकडे वळला. "आन तुला?"

"मला बी न्हाई."

भावानं मान वळवून लॉरीकडे बघितलं. त्याची बाजू आंधळी, माझी स्वच्छ. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, मारतो आता. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"घरचा पांढरा बैल ह्यांना दे," तो म्हणाला. दोन वर्षांत माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. "तुझ्या वाट्यात धर."

तिसऱ्या दिवशी बैल घेऊन म्हाताऱ्याच्या गावी पायी गेलो. त्यानं बैलाचे दात बघितले, पायांवरून हात फिरवला, दावं हातात घेतलं. मी ओट्यावर टेकायला गेलो, तर म्हणाला, "बसू नको. जित्राब पोचलं, आता जा."

त्याच महिन्यात वाटणी झाली. लॉरी भावानं घेतली, जमीन मी. माझ्या बाजूच्या काचेबद्दल त्यानं कोणाला काही सांगितलं नाही. बायकोलाही नाही, हे वहिनीच्या वागण्यावरून कळायचं. लोक त्यालाच नावं ठेवायचे, बेफाम चालवून गरिबाचा बैल निकामी केला म्हणून. माझ्यासमोर कोणी हे म्हटलं, तर मी ऐकून घ्यायचो आणि मानही हलवायचो.